गोळीपेक्षा गोळा बरा

ब्रेकमामांनी उभ्या आयुष्यात एकही अपघात केला नव्हता, आणि त्यांच्या गाडीत बसून एकही माणूस वेळेवर पोहोचला नव्हता. समोर मांजर आलं की ते ब्रेक मारत. मांजर येईलसं वाटलं तरी मारत. आणि बराच वेळ मांजर आलंच नाही, तर ‘गेलं कुठे?’ या काळजीने मारत. हे नाव त्यांना कंपनीतल्या लोकांनी दिलं आणि ते इतकं चिकटलं, की पुढे लग्नाची आमंत्रणंसुद्धा ‘श्री. ब्रेकमामा’ अशी यायला लागली.

कंपनी प्लास्टिकच्या बादल्या आणि टब बनवायची. मामांनी तिथे बावीस वर्षं मोठ्या साहेबांची गाडी चालवली. मोठे साहेब मागे टेकले की घोरायला लागायचे, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. पण मोठे साहेब घरी बसले, खुर्चीत त्यांचा मुलगा आला, आणि हे धाकटे साहेब म्हणजे सदा घोड्यावर स्वार. तिसऱ्याच दिवशी, निव्वळ मांजराच्या संशयावरून, धाकट्या साहेबांचं नाक पुढच्या सीटवर आपटलं. चौथ्या दिवशी मामांच्या हातात बदलीचा कागद पडला.

“मला सामाजिक जबाबदारीत टाकलंय,” मामांनी घरी आल्यावर बूट काढता काढता सांगितलं.

मामी भाजी चिरत होत्या. “घरची कधी घेतली नाहीत,” मान वर न करता त्या म्हणाल्या, “आता एकदम समाजाची झेपणार आहे का?”

सामाजिक जबाबदारी म्हणजे एक लांबलचक निळी गाडी होती. जिथे डॉक्टर फिरकत नाही आणि शाळेत फळ्याखेरीज काही नाही, अशा वस्त्यांवर ती न्यायची. पुढच्या दाराने चढलं की दवाखाना: वजनकाटा, बीपीचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या आणि एक अरुंद बाकडं. मागच्या दाराने चढलं की प्रयोगशाळा: भिंगं, लोहचुंबक, सूक्ष्मदर्शक आणि सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे विजेचा गोळा. चकचकीत धातूचा, कलिंगडाएवढा. खालचं हँडल गरागरा फिरवलं की रबरी पट्टा घासला जायचा, गोळ्यावर वीज साठायची आणि त्यावर हात ठेवून उभ्या असलेल्याचे केस साळिंदरासारखे ताठ व्हायचे. वीज पायातून निसटू नये म्हणून त्याला प्लास्टिकवर उभं करावं लागे. त्यासाठी कंपनीचाच एक भक्कम टब पालथा घातलेला असे.

शिवाय एक हाडांचा सापळा होता. त्याला मागे जागा पुरेना, म्हणून मामांनी त्याला आपल्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. एकदा नाक्यावरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, “यांना काय झालं?”

“डाएटवर आहेत,” मामा म्हणाले आणि गाडी पुढे काढली.

गाडीवर दोन्ही बाजूंनी कंपनीने भलीमोठी लाल बादली रंगवून घेतली होती. त्यामुळे दगडखाणीच्या वस्तीवर ती पहिल्यांदा गेली तेव्हा अर्धी वस्ती बादल्या न्यायला धावत आली. डॉक्टरीणबाईंनी पायरीवर उभं राहून घसा फोडून सांगितलं, “बादल्या नाहीत! तपासणी आहे, तपासणी!”

“मग तपासणीवर बादली फुकट का?” गर्दीतून आवाज आला.

डॉक्टरीणबाई बुटक्या, फटकळ आणि कामाला वाघ होत्या. मागच्या दाराची जबाबदारी होती विज्ञानाच्या सरांवर. सरांना सगळं विज्ञान तोंडपाठ होतं, फक्त गाडी लागायची. त्यात गाडी मामांची. वस्तीवर पोहोचेपर्यंत सरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झालेला असे आणि पहिला तासभर ते डॉक्टरीणबाईंच्या बाकड्यावर आडवे पडून ‘संपला का रस्ता?’ विचारत. तोवर मागे पोरं दारावर धडका देत.

शेवटी मामांनीच मागचं दार उघडलं. त्यांची शाळा सातवीतच सुटली होती, पण गाडी त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होती. त्यांनी सापळा उचलून आणला आणि जे माहीत होतं त्याच भाषेत सुरुवात केली. “हे हृदय, म्हणजे पंप. हे मूत्रपिंड, म्हणजे फिल्टर. इथे कचरा अडकला की बोंबला. डोळे म्हणजे हेडलाइट, आणि ताप चढला म्हणजे काटा लाल पट्टीत गेला. काटा लाल पट्टीत गेला की काय करायचं?”

“गाडी बाजूला घ्यायची!” पोरं ओरडायची.

सर बरे होऊन आले की मामांच्या चुका दुरुस्त करत. मामांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट ते पोरांबरोबर खाली बसून ऐकत आणि पुढच्या वस्तीवर तेच ठणकावून सांगत. महिन्याभरात स्वारी इतकी रंगली, की घरी मामींनी भाजी जास्त वाढली तरी ते ‘फिल्टरवर लोड येतो’ म्हणायला लागले.

पण मामांची एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. डॉक्टर म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडत. दवाखान्याच्या दाराकडे ते गाडी धुतानाही पाठ करून असत.

तर एक दिवस दगडखाणीच्या वस्तीवरच्या एक आजी गुडघे दाखवायला आल्या. आजी तोंडाने तोफखाना होत्या, नजरेने मात्र अधू. त्या चुकून मागच्या दाराने चढल्या. आत पोरांची रांग होती. वयाचा मान म्हणून पोरांनी त्यांना पुढे जाऊ दिलं आणि हात धरून टबावर चढवलं. हँडल फिरवणाऱ्या मामांना वाटलं, आजींना हौस आहे. आजींना वाटलं, तपासणी आहे. त्यांनी गोळ्यावर हात ठेवला. बघता बघता त्यांचे पांढरेशुभ्र केस कापसाच्या बोंडासारखे फुलले. पोरांनी टाळ्या पिटल्या. आजी घाबरल्या, उतरताना आधाराला म्हणून दाराची लोखंडी कडी धरायला गेल्या आणि ‘चट्’ करून ठिणगी उडाली.

आजींनी पायरीवरून थेट खाली उडी मारली. पाच पावलं धावल्या. मग थबकून आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

“धावले!” त्या किंचाळल्या. “अगं बायांनो, मी धावले! चार वर्षं गोळ्या खाल्ल्या, काडीचा फरक नाही. गोळीपेक्षा गोळा बरा!”

पुढच्या आठवड्यात गाडी वळणावर आली तेव्हा मामांनी ब्रेक मारला, आणि या वेळी कारण खरं होतं. मागच्या दाराशी निदान दोनशे माणसं थांबली होती. गुडघेवाले, कंबरवाले, दातवाले. एकाची म्हैस दूध देत नव्हती, तो म्हैसच घेऊन आला होता. पुढच्या दाराशी चिटपाखरू नव्हतं.

“मी इथे काय बादल्या मोजायला येते?” डॉक्टरीणबाई कडाडल्या. “हे तुम्ही करून ठेवलंत, मामा. तुम्हीच निस्तरा.”

मामा टबावर उभे राहिले. “हे बघा, विजेने गुडघा बरा होत नाही. फक्त केस उभे राहतात.”

“असं?” आजी पुढे सरसावल्या. “मग मी उडी मारली, ती काय तुझ्या गुडघ्यांनी?”

सर बाकड्यावरून उठून आले आणि त्यांनी दहा मिनिटं इलेक्ट्रॉन समजावून सांगितले. लोकांनी ते मन लावून ऐकलं आणि सर थांबताच रांग पुन्हा सरळ केली.

तेवढ्यात मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते डॉक्टरीणबाईंपाशी गेले, मात्र दाराबाहेरूनच बोलले. “बाई, हृदयात यंत्र बसवलेल्या माणसाने गोळ्याला हात लावू नये, असं सर परवा सांगत होते ना? मग प्रत्येकाला आधी तपासायलाच हवं की! तुमची चिठ्ठी असेल, त्यालाच मी गोळा दाखवतो.”

“आणि गोळ्याने रोग बरा होतो असं त्यांना वाटत राहिलं तर? खोटं मी चालू देणार नाही.”

“खोटं कशाला? पाटीच लावू.”

पाटी लागली: ‘गोळ्याने कोणताही रोग बरा होत नाही. फक्त केस उभे राहतात. आधी पुढच्या दाराने तपासणी.’ लोकांनी ती मोठ्याने वाचली. “बघा, किती नम्र!” एक जण म्हणाला. “चांगला वैद्य कधी स्वतःची टिमकी वाजवत नाही.” आणि सगळी रांग पुढच्या दाराला लागली. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एकशे बारा माणसं तपासली. सतरा जणांची साखर वाढलेली निघाली, दोघांना त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाडावं लागलं, आणि म्हशीला गुरांच्या डॉक्टरचा पत्ता मिळाला. आजींनाही गुडघ्यांचे व्यायाम मिळाले. रोज सकाळी ते केले तरच गोळ्याला हात लावायला मिळेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. चिठ्ठ्या तपासायचं काम आजींनी स्वतःहून अंगावर घेतलं आणि दाराशी त्या अशा उभ्या राहिल्या, की डासही चिठ्ठीशिवाय आत जाईना.

ही कीर्ती कंपनीत पोहोचली आणि धाकटे साहेब फोटोसाठी स्वतः वस्तीवर आले. ते मागच्या पायरीवर चढले तोच आजींनी हात आडवा घातला.

“चिठ्ठी?”

“आजी, ही गाडी माझीच आहे.”

“गाडी तुझी असेल, हृदय तपासलंय का?”

धाकटे साहेब निमूटपणे पुढच्या दाराला गेले, रांगेत थांबले आणि चिठ्ठी घेऊन परतले. मामांना हसू आवरेना. नेमकं तेच आजींनी पाहिलं.

“आणि तू रे? इतके महिने हँडल फिरवतोयस, तुझी चिठ्ठी कधी दिसली नाही मला.”

“मी हात कुठे लावतो? मी फक्त फिरवतो,” मामा मागे सरकत म्हणाले. पण मागे भिंत होती आणि पुढे पोरं. पोरांनी त्यांची मिरवणूकच काढली. दंडाला पट्टा बांधताना मामांनी डोळे गच्च मिटले. डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे पाहिलं. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा पाहिलं. मग दुसरा दंड.

“यंत्र बिघडलं असेल,” मामा एक डोळा उघडून म्हणाले.

“एकशे नव्वद आणि एकशे दहा. यंत्राला काही झालेलं नाही. मामा, काटा कुठे गेलाय?”

उत्तर दारातल्या पोरांनी दिलं. “लाल पट्टीत!”

“मग काय करायचं?”

“गाडी बाजूला घ्यायची!”

आता गाडी परत न्यायची कुणी? डॉक्टरीणबाईंना चालवता येत नव्हती, सरांना तर बसताही येत नव्हतं. धाकट्या साहेबांनी कोट काढला आणि स्टिअरिंग हातात घेतलं. शेजारी मामा बसले आणि सापळा गेला मागे, सरांच्या शेजारी. साहेबांनी अर्धा रस्ता गाडी भरधाव नेली. मग रस्त्यावर खरोखरच एक मांजर आलं. साहेबांनी असा ब्रेक मारला, की सापळ्याचा हात निसटून सरांच्या गळ्यात पडला. मांजराने साहेबांकडे एकवार पाहिलं आणि सावकाश रस्ता ओलांडला.

“जमेल हळूहळू,” मामा मायेने म्हणाले.

घरी मामींनी चिठ्ठी वाचली, डोळे पुसले, आणि मग अर्धा तास मामांना मनसोक्त झापलं. मीठ कपाटात गेलं आणि किल्ली पदराला. रोज सकाळी गोळी घ्यायची, दर पंधरवड्याला दंड पुढे करायचा. मामा अजूनही डोळे मिटतात, पण बसतात. दीड महिन्याने काटा खाली आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा गाडी चालवू दिली.

परवाच वस्तीवरच्या एका मुलीने त्यांना विचारलं, “मामा, केस उभे राहतात, मग टकलू माणसाचं काय होतं?”

मामांनी सरांकडे पाहिलं. सरांनी डॉक्टरीणबाईंकडे. डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले.

“माहीत नाही,” मामा म्हणाले. “करून बघू.”

खाणीचा मुकादम चिठ्ठी घेऊन रांगेत होताच. पोरांनी फारच गळ घातली, तेव्हा त्याने एकदाची टोपी काढली. डोकं गोळ्यापेक्षा चकचकीत निघालं. तो टबावर चढला, गोळ्यावर हात ठेवला, आणि मामा हँडल फिरवायला लागले. सगळी वस्ती श्वास रोखून त्या डोक्याकडे बघत होती. डोक्यावर काहीही होईना.

“थांबा!” ती मुलगी ओरडली. “खाली बघा, मिशा!”