यशोदाक्काचे बेंबीवाले पुढारी

वडगाव मागे पडलं तरी यशोदाक्का थांबायचं नाव घेईना. तिला बस लागते, म्हणून येळ्ळूरपासून आम्ही दोघी चालतच निघालो होतो. शहरात खडेबाजाराजवळच्या एका पार्टी ऑफिसातून तिला एक बाहुली परत आणायची होती.

यशोदाक्का माझी शेजारीण. पूर्वी कापडाचे नवरा-नवरी करायची, आता इलेक्शन आलं की पुढारी करते. अंग सगळ्यांचं एकच. मग कुणाला जाकीट, कुणाला टक्कल, कुणाला फेटा. कापूस भरून झाला की शेवटचा टाका पोटावर. त्याला ती बेंबी म्हणते. बेंबी झाली की ती बाहुली लेकरू झाली, मग कुठल्याही पार्टीची असो.

या खेपेला त्या ऑफिसातल्या विक्रमनं समोरच्या पार्टीच्या पुढाऱ्याची हातभर बाहुली करून घेतली. हिला वाटलं, शोभेला असेल. काल कळलं, चौकात जोड्यांचा हार घालून जाळणार आहेत.

"आक्का, तुलाबी तो माणूस आवडत न्हाय की," मी म्हटलं.

"मेल्याचा आवाज आला की मी टीव्ही बंद करते. म्हणून काय जाळू देऊ?"

ऑफिसात विक्रम आम्हाला बघून हसला. "आज्जी, पार्टी बदललीस व्हय?"

"मत तुमालाच हाय रं. लेकरू तेवढं दे."

"आन् संध्याकाळी काय जाळू? माझं डोस्कं?"

"पोत्यात गवत भर की. न्हाय मिळालं तर तुझ्या डोस्क्यात हायच."

सगळी पोरं खो खो हसली. विक्रमही हसला, पण मग त्यानं टेबलाखालून बाहुली काढली, वरची धूळ झटकली आणि दोन्ही हातांनी आक्काकडे दिली. मी मनातल्या मनात गावच्या चांगळेश्वरीला हात जोडले.

परतताना ऊन लागत होतं. आक्कानं पुढाऱ्याला पदराखाली घेतलं होतं. गाव दिसायला लागलं तशी तिची चाल मंदावली.

"घरात सौरव हाय गं," ती म्हणाली.

सौरव तिचा मुलगा, विक्रमच्याच पार्टीचा, आणि कडक. बाहुली दिसली तर सरळ पाणी तापवायच्या पेटत्या बंबात घालेल, हे मलाही ठाऊक होतं.

पिंपळाखाली थांबून तिनं बाहुली माझ्या हातात दिली.

"माधवी, इलेक्शन होईपर्यंत तुझ्याकडं ठेव. देव्हाऱ्यात ठेव म्हणत न्हाय मी. कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेव. तोंड तेवढं उघडं ऱ्हाऊ दे गं."