शेंदूर लावलेला धोंडा

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं मला जे मिळालं ते एका फुलामुळं. मुखेडकडच्या आमच्या डोंगरावर, उताराच्या कुसळी गवतात, खरपुडीचा बारीक वेल चढतो. फूल बोटाच्या पेराएवढं. बुडाला फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली, कंदिलासारखं. आम्ही शेळ्या राखणारे ते बघायचो ते खाली कंद कुठं आहे हे कळावं म्हणून. उकरायचा, धोतराला पुसायचा, कच्चाच खायचा.

लातूरच्या कॉलेजातल्या एक बाई ते फूल शोधत आल्या, तेव्हा मी वाट दाखवायला गेलो. दोन दिवस हिंडून सात वेल सापडले, सातही एकाच धोंड्याभोवती. असं फूल आता फार थोड्या डोंगरांवर उरलंय म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्याच बाईंनी मला इथं, कोल्हापूरकडच्या रोपवाटिकेत, कामाला लावलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

काम लागायच्या आधीच, बाई परत गेल्या तेव्हा, मला वेलांचा घोर लागला होता. काट्याचं कुंपण सरपणाला गेलं असतं. म्हणून गुपचूप त्या धोंड्याला शेंदूर फासून आलो. देवापुढं कुणी कंद उकरत नाही.

उकरले नाहीतच. पण या उन्हाळ्यात आईचा फोन आला. धोंड्याभोवतीचं गवत खुरपून काढलंय, सोमवारी सिमेंटचा ओटा बांधायचाय, म्हणाली. मला काम लागावं म्हणून तिनं त्याच देवाला नवस केला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

उन्हाळ्यात वेल वाळून जातो, कंद तेवढा मातीखाली जिवंत असतो. वर सिमेंट पडलं की संपलं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. शेंदूर माझा, देव मी केलेला, खाली खरपुडी हाय.

ती म्हणाली, "मग तुला काम कुणी लावलं रं?"

"खरपुडीनं."

"म्हंजे त्याच जाग्यानं लावलं की." मग म्हणाली, "ओटा खाली पायवाटेला बांधते. देवाला तिथूनबी दिसतंय."

ओटा खालीच झाला. पण खुरपं किती खोल गेलं होतं, हे तिला सांगता येईना. आता तिकडं पाऊस लागलाय. इथं रोपांना पाणी घालता घालता माझा हात थांबतो आणि मी फोन लावतो.

"वेल अजून न्हाई आला," कालही तेच म्हणाली. रोज वर चढून बघून येते. नारळ मात्र खालीच फोडते.