काचेच्या खोलीतली शेगडी

मला गॅसची भीती वाटते. लग्नाआधी पुण्यात नोकरीला होते तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर एका सकाळी सिलिंडरची नळी सुटली आणि भडका उडाला. आवाज फार मोठा नव्हता, कुणीतरी जाड चादर जोरात झटकावी तेवढाच. मी धावत खाली गेले तर तिथल्या काकू जिन्यात उभ्या. भुवया जळून गेलेल्या, दोन्ही हात पुढे धरलेले, ते जणू आपले नाहीतच असे. काकू वाचल्या. पण तो जळक्या केसांचा वास माझ्या नाकातून कधी गेला नाही. घराबाहेर पडताना मी बटणं बघते, कुलूप लावते, कुलूप काढून परत बटणं बघते. इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला येऊन इतकी वर्षं झाली तरी हे सुटलेलं नाही.

त्यामुळे नवऱ्याने मागच्या बागेसाठी बार्बेक्यू घ्यायचं काढलं तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तो उन्हाळा वेगळा होता. माझी आई मिरजेहून आमच्याकडे राहायला आली होती. लेक तेव्हा अकरा वर्षांची, तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे बार्बेक्यू होता. शेवटी एका शनिवारी आम्ही चौघं गार्डन सेंटरला, म्हणजे बागेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेलो.

तिथे ते सगळे रांगेत मांडले होते. गॅसवाला सगळ्यात रुंद, चाकांचा, खाली कपाट. नवऱ्याने कपाटाचं दार उघडलं, आत सिलिंडरची जागा होती.

"बटण फिरवायचं की चालू," तो म्हणाला. "ऑफिसमधून आल्यावरसुद्धा करता येईल. साफ करायला सोपा."

"लेक एकटी घरात असताना तिने बटण फिरवलं तर?"

"अगं, आपल्या किचनमध्येपण गॅसच आहे ना?"

"तो मी रोज बघते."

त्याने सुस्कारा टाकला आणि पुढच्याकडे वळला. तो स्मोकर होता, उभ्या पिंपासारखा काळा. तसला एक आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या इंग्लिश गृहस्थांकडे होता. रविवारी सकाळी पेटवायचे आणि दिवसभर खुर्ची टाकून त्याच्यापाशी बसायचे, मधूनमधून लाकडाचा तुकडा आत सरकवत. संध्याकाळी मांस इतकं मऊ की काट्याने सुटायचं, असं ते सांगायचे. आमच्या वाट्याला यायचा तो धूर. दोरीवरचे कपडे परत धुवावे लागायचे.

"आपल्याकडे दिवसभर शिजवायचंय काय? पनीर?" मी म्हटलं, आणि स्मोकर तिथेच निकालात निघाला.

आई तोवर टोकाला जाऊन उभी होती. तिथे एक लहानसा, कोळशावरचा होता. गोल, तीन बुटके पाय, वर झाकण आणि उचलायला बादलीसारखी कडी.

"ही तर शेगडीच आहे की गं," ती म्हणाली. इंग्लंडमध्ये आल्यापासून तिला एखादी वस्तू ओळखीची वाटल्याची ती पहिलीच वेळ असावी. "ह्याच्यावर वांगं काय सुंदर भाजेल!"

मला सुटल्यासारखं झालं. मी नवऱ्याला म्हटलं, "हाच घेऊ. कोळसा कसा, डोळ्यांना दिसतो. पेटलाय तेही दिसतं, विझलाय तेही दिसतं."

हे मी म्हटलं होतं. शब्द असेच होते.

जून-जुलै मजेत गेले. शेगडीचा ताबा आईकडे. जावयाला ती पेटवूसुद्धा द्यायची नाही. "अहो, असा नाही पेटत कोळसा, तुम्ही सरका," म्हणायची आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. भरताची वांगी, मक्याची कणसं, आमच्यासाठी चिकन, स्वतःसाठी वेगळ्या जाळीवर पनीर. लेक तिच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत गप्पा मारायची. ती दोघींची जागाच झाली होती.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हवा बिघडली. सकाळपासून ढग, मध्येच गार वारा. तरी ठरल्याप्रमाणे आम्ही बागेत जेवलो, आणि शेवटचं कणीस खाऊन होतंय तोच पाऊस आला. ताटं, वाट्या, खुर्च्या उचलून सगळे आत पळालो. नवरा वर मॅच बघायला गेला. मी किचनमध्ये भांडी घासायला लागले. आई आणि लेक कॉन्झर्व्हेटरीत बसल्या. म्हणजे घराला मागून जोडलेली काचेची खोली. भिंती काचेच्या, छत काचेचं, आणि किचनकडचं दारही काचेचं.

त्या दारातून मी एकदा बघितलं. आई वेताच्या कोचावर शाल गुंडाळून बसली होती, लेकीचं डोकं तिच्या मांडीवर. वर काचेवर पाऊस वाजत होता. मला ते इतकं छान वाटलं की हात कोरडे करून फोटो काढावा असं मनात आलं. कोचाच्या पलीकडे, आईच्या पायांशी, मला न दिसणाऱ्या बाजूला, शेगडी होती. दोघींनी ओव्हनचे हातमोजे घालून ती कडीने उचलून आत आणली होती. आईला थंडी वाजत होती. कोळसे विझले होते, वर राख धरली होती, नुसती धग उरली होती. ती पावसात का वाया घालवायची? आणि वारा येऊ नये म्हणून त्यांनी बागेकडचं दार घट्ट लावून घेतलं होतं.

किती वेळ गेला ते मला आजही नीट सांगता येत नाही. भांडी बरीच होती. काचेचं दार उघडून लेक आत आली.

"आई, माझा डोकं खूप दुखते."

"आयपॅड ठेव जरा बाजूला."

"मी आयपॅड नाही बघत होती." ती जमिनीवर बसली. मग एकदम उठून सिंकपाशी आली आणि मी घासत असलेल्या भांड्यांवर तिला उलटी झाली. मी तिची पाठ धरली. चिकन कच्चं राहिलं असणार, मला वाटलं. तोंड पुसता पुसता ती म्हणाली, "आजी बोलत नाही. मी उठवला तिला. ती फक्त हसला आणि परत झोपला."

मी आत गेले. आत ऊब होती. धूर नाही, वास नाही, काही नाही. आई कोचावर एका अंगाला कलली होती, तोंड किंचित उघडं. चेहरा पांढरा पडलेला नव्हता, उलट गाल गुलाबीसर. मी हाक मारली. तिच्या पापण्या हलल्या. हात उचलला तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. पॅरालिसिस, माझ्या मनात आलं. मी नवऱ्याच्या नावाने ओरडले.

तो जिन्यावरून धडधडत आला. आईच्या औषधांच्या पिशवीत बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन होतं, ते त्याने तिच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

"ऑक्सिजन तर उत्तम आहे," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही क्षणभर त्या आकड्याकडे बघत राहिलो. त्या आकड्याने मला धीर आला. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मी नऊशे नव्याण्णव, इथला इमर्जन्सीचा नंबर, लावला. पलीकडची बाई शांत होती. पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. मी स्ट्रोक, स्ट्रोक म्हणत होते. मग तिने विचारलं, "घरात आणखी कुणाला बरं वाटत नाहीये का?"

"मुलीला उलटी झाली. डोकं दुखतंय तिचं."

"घरात काही जळतंय का?"

माझी नजर तेव्हा पहिल्यांदा शेगडीवर पडली. वर राखाडी, शांत राख. "नाही. विझलंय ते."

"काय विझलंय?"

"कोळसे. बार्बेक्यूचे."

तिचा आवाज एकदम बदलला. "सगळे बाहेर व्हा. आत्ता. काही उचलू नका, दारं उघडा आणि बाहेर व्हा."

तेव्हा कुठे मला कळलं की माझंही कपाळ जड झालंय. नवऱ्याने बागेचं दार लाथेने उघडलं. त्याने आईला काखेतून धरलं, मी पाय धरले. पायरीवर माझा हात सुटला आणि तिची टाच फरशीवर आपटली, तरी ती कण्हली नाही. तिची टाच आपटूनही ती गप्प आहे, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं. लेक आमच्या मागून बाहेर आली आणि गवतावर बसून रडायला लागली. कुंपणापलीकडून शेजारच्या गृहस्थांनी ते बघितलं. ते त्या वयात धावत वळसा घालून आले, अंगातला कोट काढून लेकीभोवती गुंडाळला आणि तिला धरून बसले.

आम्ही आईला ओल्या गवतावर निजवलं. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता आणि ती तो पुसत नव्हती. मी तळवे चोळत होते, हाका मारत होते. आई, आई गं, आई. लहानपणी रस्त्यात तिचा हात सुटला होता तेव्हाही मी इतकी घाबरले नसेन. फोनवरची बाई म्हणत होती की त्यांचा श्वास मोजत राहा. मला मोजता येत नव्हतं. एक श्वास आला की दुसरा येईल की नाही एवढंच मी बघत होते.

अँब्युलन्सचा आवाज यायच्या जरा आधी आईने डोळे उघडले. "पाऊस लागतोय गं," ती म्हणाली, अगदी तक्रारीच्या सुरात.

अँब्युलन्सवाल्यांनी दोघींना ऑक्सिजनचे मास्क लावले. मी त्यांना बोटावरचं मशीन दाखवलं, आकडा चांगला होता म्हणून सांगितलं. त्यांच्यातली मुलगी मान हलवत म्हणाली, "कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला हे मशीन फसतं. विषाला ऑक्सिजन समजतं." मग फायर ब्रिगेड आली. त्यांच्यातला एक जण हातात मीटर घेऊन कॉन्झर्व्हेटरीच्या उघड्या दाराशी गेला. दार केव्हापासून उघडं होतं, वारा आत शिरत होता, तरी ते मीटर किंचाळायला लागलं. शेगडी त्यांनी बाहेर आणून तिच्यावर पाणी ओतलं. राखेखालून चर्र आवाज करत वाफेचा लोट उठला. विझलेले ते कोळसे.

हॉस्पिटलमध्ये आजी आणि नात शेजारशेजारच्या बेडवर, दोघींच्या तोंडावर सारखे मास्क. दोघींचं रक्त तपासायला गेलं. डॉक्टर तरुण होती. तिने विचारलं, "किती वेळ होत्या त्या आत?" भांडी बरीच होती, एवढंच मी सांगितलं. लेकीचं डोकं दुखलं नसतं तर, ती त्या उबेत तशीच झोपून गेली असती तर, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "त्या बाहेर आल्या. आज तेवढंच बघू या."

दुसऱ्या दिवशी दोघींना घरी सोडलं. लेकीला काही राहिलं नाही. आईचं डोकं आठवडाभर ठणकत होतं आणि चहात साखर घातली की नाही हे ती विसरत होती. तेही हळूहळू गेलं. पण ती ओशाळली होती. जावयासमोर पदर सारखा करत म्हणाली, "अहो, आमच्या घरी थंडीत शेगडी आतच असायची. पण कौलांतून वारा यायचा, दारांना फटी. तुमच्या घरात मुंगी शिरायला जागा नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही." नवरा म्हणाला, "आई, आमच्याही नाही आलं." नंतर त्याने घरभर अलार्म बसवले.

परत जायच्या आधी एका दुपारी मी आणि आई कॅनॉलच्या कडेने फिरायला गेलो. ती पाण्यातली बदकं बघत चालत होती. मग म्हणाली, "तू मला हाका मारत होतीस ना, त्या ऐकू येत होत्या."

"मग ओ का नाही दिलीस?"

"द्यावीशी वाटली नाही. इतकं बरं वाटत होतं गं. गुडघेसुद्धा दुखत नव्हते. कुणी पाय चेपून द्यावेत आणि झोप लागावी तसं. मला अजिबात भीती वाटली नाही." ती थांबली. तिने माझा दंड घट्ट धरला. "आता त्याचीच वाटते. पोरगी माझ्या मांडीवर होती. आणि मला काहीच वाटत नव्हतं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. नंतर तिने विषय बदलला, कॅनॉलमधल्या बदकांबद्दल काहीतरी बोलली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गॅसचा बार्बेक्यू घेतला. नवऱ्याने विचारलं नाही, मीही अडवलं नाही. तो घरापासून लांब, कुंपणापाशी उभा असतो. गॅस सुटला तर निदान वास येतो, असं आता मी मनाला समजावते, आणि तरी तो पेटवताना मी मागे सरकते. माझी जुनी भीती गेली नाही. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली. वास नसलेली, रंग नसलेली. कुणी सोफ्यावर डुलकी घेतली तरी मी जवळ जाऊन छाती हलतेय का ते बघते.

आई मिरजेहून फोन करते तेव्हा आधी विचारते, "खिडकी उघडी आहे ना?" डिसेंबरातसुद्धा.

लेक त्या दिवसाबद्दल बोलत नाही. पण तिच्या खोलीची खिडकी ती बोटभर उघडी ठेवते, बाहेर बर्फ असला तरी. सकाळी शाळेसाठी उठवायला जाते तेव्हा तिचं नाक गार पडलेलं असतं. मी खिडकी बंद करत नाही. तिच्या अंगावर आणखी एक रजाई घालते आणि तिला हाक मारते, आणि ती "हं" म्हणेपर्यंत तिथेच उभी राहते.