पदार्थविज्ञानाचा सत्कार

माझ्या सासूबाईंपाशी एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि तो प्रश्न त्यांना चौलमध्ये सगळीकडे भेटायचा. विहिरीवर, देवळात, रेवदंड्याच्या बाजारात. ‘मुलगी काय करते?’ इतरांचं सोपं होतं. कुणाचा मुलगा तलाठी, कुणाचा मुंबईला गिरणीत, कुणाची मुलगी सासरी. सासूबाई म्हणायच्या, ‘शिकते.’ पुढे वन्संच्या केसांत पांढरी बट दिसू लागली, तरी उत्तर तेच. ‘अजून?’ असं विचारणाऱ्या बाईच्या सुरात मुलीच्या अकलेबद्दल काळजी असायची. इतकी वर्षं पास होत नाही म्हणजे काय!

वन्सं दूर एका प्रयोगशाळेत संशोधन करत. लग्न केलं नव्हतं. मी सून म्हणून आले तेव्हा वाटलं, आपण चार पुस्तकं जास्त वाचलेली आहेत, आपण सासूबाईंना समजावून देऊ. वन्संचा एक छापील निबंध उघडला, पहिलं पान वाचलं आणि गुपचूप वाडीतल्या सुपाऱ्या वेचायला गेले.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका दुपारी अलिबागच्या एसटीतून वर्तमानपत्र आलं. त्यात वन्संचं नाव होतं. देशातला संशोधनाचा सर्वांत मोठा पुरस्कार ‘पदार्थविज्ञानातील मौलिक कार्याबद्दल’ त्यांना जाहीर झाला होता. पुरुष शास्त्रज्ञाच्या नावापुढे हा शब्द आला असता तर गावाने तो आदराने न कळताच सोडून दिला असता. पण बाई आणि पदार्थ म्हटल्यावर गावाला सगळं लख्ख कळलं.

संध्याकाळी सरपंच आमच्या ओटीवर हजर. ‘वहिनी, कोणता पदार्थ काढला ताईंनी?’

‘खायचा पदार्थ नव्हे हो,’ मी म्हटलं. ‘पदार्थ म्हणजे वस्तू. लोखंड, पाणी, हवा.’

‘राहू द्या. लोखंड खाऊन दिल्लीवाले बक्षीस देतात काय? सांगायचं न्हाय तर नका सांगू. पण सत्कार आमी करनार.’

सत्काराची समिती झाली. समितीने ठरवलं की देवळाच्या पटांगणात मांडव घालायचा, घरोघरच्या बायकांनी एकेक पदार्थ करून आणायचा आणि पुरस्कारप्राप्त ताईंनी चाखून नंबर काढायचे. मी दोनदा विरोध केला. दोन्ही वेळा माझ्या विनयाचं कौतुक झालं.

ज्या वन्सं हे नंबर काढणार होत्या, त्यांच्या हातचा भात आमच्या घरात एकदाच झाला होता. तेव्हा माझे सासरे म्हणाले होते, ‘पुढच्या वेळी नुसते तांदूळ वाढलेस तरी चालेल.’

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी वन्सं आल्या. मी सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्या झोपाळ्यावर बसून इतक्या हसल्या की कड्या कुरकुरायला लागल्या. ‘वहिनी, मी काढते नंबर! आयुष्यात एवढं खायला पुन्हा कोण देणार?’

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. ‘तुझं होईल हसून. उद्या मला आई म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलंय. इतकी वर्षं लोक विचारताहेत आणि मी तोंड लपवत्येय. उद्या तरी सांगता आलं पाहिजे. काय करतेस तू?’

वन्सं गंभीर झाल्या. ‘तप्त पृष्ठभागावरील द्रवाचं वर्तन...’

‘मराठीत सांग.’

‘आई, मराठीतच सांगत्येय.’

‘मग माझ्या मराठीत सांग!’

वन्सं उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. हे दृश्य इतकं दुर्मीळ होतं की मी मागोमाग धावले. त्यांनी चुलीवर भाकरीचा तवा चढवला आणि पाण्याचा शिपका दिला. चुर्र झालं, पाणी आटलं. मग त्यांनी जाळ एवढा वाढवला की सासूबाईंचा जीव तव्यासाठी कासावीस झाला. आता एकच थेंब टाकला. तो आटला नाही. मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर तुरुतुरु पळत सुटला.

‘बघ. खालून वाफेची गादी होते. थेंब तव्याला टेकतच नाही. तो कधी टेकतो आणि कधी सुटतो, याचा मी हिशोब लावला. कारखान्यातले बॉयलर फुटू नयेत म्हणून हा हिशोब लागतो.’

सासूबाई थेंब संपेपर्यंत बघत राहिल्या. ‘हे तर मी जन्मभर पाहत्येय. याचं बक्षीस देतात?’

‘हो.’

‘दिल्लीत?’

‘हो.’

‘तिथे तवे नाहीत?’

दुसऱ्या दिवशी मांडवात वालाचं बिरडं, सांदणं, खांडवी आणि पातोळ्या मांडल्या होत्या. कडेला तीन दगडांच्या चुलीवर एक काकू गरम घावनं घालत होत्या. अलिबागहून आलेले प्रमुख पाहुणे कोट घालून बोलायला उभे राहिले. त्यांनी वन्संना अन्नपूर्णा म्हटलं, भारतीय स्त्रीच्या चुलीला राष्ट्राचा पाया म्हटलं आणि घाम पुसला. मग शाल आणि नारळ. तो नारळ सकाळी आमच्याच वाडीतून नेला होता. आमच्या नोकरदार घरात हातात नारळ देण्याचा अर्थ वेगळा होतो, म्हणून माझे यजमान जरा दचकले.

मग सासूबाईंचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या. पदर दोनदा सारखा केला.

‘माझ्या मुलीला स्वयंपाक येत नाही,’ त्या म्हणाल्या.

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं.

‘अजिबात येत नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो, ते ती शोधून काढते. ती हे काम करते.’

मागून कुणी तरी ओरडलं, ‘थेंब कुठं नाचतो? चुर्र होतो!’

‘नाचतो!’ सासूबाई म्हणाल्या आणि व्यासपीठावरून थेट उतरल्या. घावनांच्या काकूंना बाजूला सारलं आणि स्वतः लाकडं सारली. ‘अहो, माझा तवा!’ काकू कळवळल्या, पण ऐकतं कोण? सगळा मांडव चुलीभोवती गोळा झाला. पाहुण्यांनी कोट काढून सरपंचांच्या हातात दिला आणि ते गुडघ्यांवर बसले. पहिला थेंब चुर्र झाला, तसा मागे हशा पिकला. ‘थांबा, अजून तापायचाय,’ वन्सं म्हणाल्या. ‘तू गप्प बस,’ सासूबाई म्हणाल्या, ‘मला माहीत आहे.’

पुढचा थेंब पळाला. टाळ्या पडल्या त्या आत्ता, भाषणाला पडल्या नव्हत्या तशा. मग प्रत्येकालाच थेंब टाकायचा होता. वन्सं एका हातात सांदण आणि दुसऱ्या हातात खांडवी घेऊन खाता खाता हसत होत्या, आणि सासूबाई फुंकणी उगारून ओरडत होत्या, ‘मागे सरा! एका वेळी एकच थेंब! साहेब, तुम्हीसुद्धा! खाली वाफेची गादी होते, कळलं का? आम्हाला असं आढळलंय...’