सरांना खेळायचं होतं

सरांची मुलगी विद्या हिचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात सॉल्ट लेकच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. दाते सर गेले त्याला आता सहा आठवडे झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मी गेलो, टिकलो आणि पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो, ते सरांमुळे. ते आमच्या तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवायचे. गावाबाहेरच्या साखर कारखान्याच्या क्लबात बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाचं एक टेबल होतं. भूमिती डोक्यात शिरेना म्हणून सर मला तिथं घेऊन गेले. हातात क्यू, म्हणजे खेळायची लांब काठी, देऊन म्हणाले, "कोन वहीत दिसत नसेल तर इथं बघ." पुढं कारखाना बंद पडला, टेबल कुणीतरी विकत नेलं, आणि आमचं खेळणं शिकवणीपुरतंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात सर चार दिवसांसाठी कोलकात्याला आमच्याकडे आले. पहिल्या सकाळी चहा पितानाच त्यांनी विचारलं, "इथं पूल खेळायला कुठं मिळतं रे?" माझी बायको सुनीता म्हणाली, "सर, आधी दक्षिणेश्वरला तरी जाऊन येऊ." सर हसले. "देवी कुठं जात नाही गं. टेबलं जातात."

त्या दिवशी मी त्यांना शहराच्या मध्यावर असलेल्या एका जुन्या क्लबात नेलं. दारावरच्या माणसानं अगदी अदबीनं विचारलं, सभासद कोण आहे? मग सरांच्या चपलांकडे पाहिलं. सर म्हणाले, "चल, माझ्या पायांनी आपलं काम बिघडवलं." दुसऱ्या दिवशी बराकपूरला गेलो. सैन्यात असलेल्या एका ओळखीच्या मराठी गृहस्थांनी तिथं टेबल असल्याचं सांगितलं होतं. टेबल होतं, पण त्याचं हिरवं कापड काढून ठेवलेलं, नुसती उघडी दगडी पाटी. सरांनी त्या थंड पाटीवरून हात फिरवला आणि ते बाहेर आले. परतीच्या लोकलमध्ये झालमुडी खाता खाता मी म्हणालो, "सर, उद्या राहू द्या. पुढच्या खेपेला मी आधीच शोधून ठेवतो." तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांची मधली नजर जात चालली होती. कडेचं दिसायचं, मधलं पुसट. डॉक्टरांनी नजरेला वर्षभराची मुदत दिली होती. "तुला शिकवलं, पण तुझ्याशी खेळलो कधीच नाही," ते म्हणाले. "एकदा बरोबरीनं खेळू. उद्या पुन्हा शोधू."

टेबल सापडलं सेक्टर फाइव्हमध्ये, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर चार टेबलं, भोवती गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली कंपन्यांमधली पोरं. त्या इमारतीवरून मी रोज जात होतो. टेबलं सांभाळणारे तुतुनदा पन्नाशीचे. सरांनी क्यूच्या टोकाला लावायचा चॉक उचललेला पाहताच त्यांनी "आशून मास्टरमोशाई", या मास्तर, म्हणत कोपऱ्यातलं टेबल दिलं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "चॉक ऐसे पकड़ा, और कौन होगा?"

सर मान जराशी वळवून, डोळ्याच्या कडेनं चेंडू पाहत खेळत होते. ते पाहून मी एक चूक केली. कोपऱ्यातल्या पॉकेटच्या भोकाशी असलेला माझा सोपा चेंडू मुद्दाम हुकवला. ज्यांच्यामुळे इथवर आलो, त्यांना हरवायचं कसं... सरांनी क्यू खाली ठेवला. चेंडू उचलून चाचपत पुन्हा पहिल्या जागी लावला.

"महेश, मी तुला पेपरात कधी फुकटचा मार्क दिला?"

"नाही सर."

"मग मला का देतोस? खेळ."

मी खेळलो. पहिले दोन डाव सर हरले, तिसरा जिंकले. तिसरा जिंकल्यावर त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी म्हणालो, "शपथ सर, हा खरा आहे." तेव्हा कुठं त्यांनी तुतुनदांकडे चहा मागितला.

वर्षभरात त्यांना दिसेनासं झालं. एका रविवारी त्यांचाच फोन आला: "आज टेबलावर जा आणि मला सांग कुठला चेंडू कुठं आहे." तेव्हापासून रविवार ठरून गेला. फोन टेबलाच्या काठावर, मी चेंडूंच्या जागा सांगायचो, सर आपला फटका सांगायचे आणि तो त्यांच्या वतीनं मी मारायचो. हुकला की म्हणायचे, "वाकला नाहीस. आवाजावरून कळतं." रविवार संपला आणि डाव उरला, तर मी जागा आलेखाच्या कागदावर टिपून ठेवायचो.

शेवटच्या रविवारी ते लवकर दमले. "उरलेला पुढच्या वेळी," म्हणाले. माझे दोन चेंडू, त्यांचा एक आणि सगळ्यात शेवटी घालायचा काळा; तो घालेल त्याचा डाव. पाळी सरांची.

तो कागद पाच-सहा आठवडे पाकिटात होता. मागच्या रविवारी गेलो. तुतुनदांना बातमी सांगितली, त्यांनी कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं. कागद पाहून चेंडू लावले. फोन नव्हता, तरी जागा मोठ्यानं सांगितल्या. सरांनी काठावर आपटून परतवायचा फटकाच सांगितला असता, सोपा नाही. पुरता वाकून तोच मारला. त्यांचा चेंडू पॉकेटच्या कडेला लागून थांबला. तो पुन्हा लावला नाही. मग माझी पाळी. माझा पहिला गेला, दुसरा गेला. काळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा तुतुनदा हळूच म्हणाले, "रहने दीजिए ना आज."

मी चॉक लावला आणि काळाही घातला. सर तो डाव हरले.