चॅनलचा कागद
तुरीच्या भुशाचा वास आला की लातूरच्या डाळमिलमधली ती दुपार अंगावर येते. यंत्राचे सिग्नल थेट मेमरीत पोचवणाऱ्या डीएमए चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, मी लिहिला होता, आणि चिपच्या कुठल्या चॅनलला कुठली तार जोडायची तो कागदही माझाच. जुन्या बोर्डाच्या कागदावरून उतरवताना रोलर बंद करायच्या बटनाचा चॅनल नव्या बोर्डाप्रमाणे मी बदललाच नव्हता. मिलच्या मिस्त्रीनं कागद बघून तारा जोडल्या. तासाभरात त्याची बाही रोलरनं ओढली. त्यानं बटन दाबलं, पुन्हा दाबलं, रोलर फिरतच राहिला. कुणीतरी मेन स्विच पाडेपर्यंत दोन बोटं गेली होती. त्याच रक्ताळल्या हातानं त्यानं माझ्या कानफटात हाणली. "तुज्या कागदावर भरोसा ठिवला की रे म्या!" आता कागद लिहून झाला, की चालत्या रोलरात आधी माझी बाही सोडतो, मग बटन दाबतो.