इंजिनावरचा डबा

सन १९९८. मी एकावन्न वर्षांचा होतो आणि आखाडा बाळापूरच्या अलीकडं माझ्यापेक्षा शहाणा माणूस न्हाई, असं मला वाटत होतं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पण वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, ती काय पुस्तक वाचून न्हाई.

त्या साली खर्च कमी करायचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं. दगडाला टाकी मारायला वसमतहून माणूस यायचा, तो बंद केला. छिन्नी-हातोडी घेऊन मीच बसलो. पट्टा तुटला की नवा न आणता शिवून घ्यायचो. शेवटी डिझेलच्या इंजिनाला हात घातला. लई प्यायचं ते. कनेक्शन घेतलं, विजेची मोटार बसवली. ना धूर, ना वास, नुसती घरघर. पारावर छाती काढून सांगितलं, "आता डिझेल बंद!" इंजिन भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं, शब्द दिला, दिवस ठरला. धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा उपडा बसवलेला होता, तो बायकोनं कोंबड्यांना पाणी ठेवायला नेला.

दोन महिने झाले अन् माझं डोकं फिरायची वेळ आली. गावातल्या बाया येत होत्या, पण माळापलीकडच्या तांड्यावरून कुणी येईना. निम्मं दळण तांड्याचं. मला गिरणीत बसवेना. दारात जायचो, तांड्याकडून येणाऱ्या पांदीकडं बघायचो, आत यायचो, उगाच दगडाची चाकी फिरवून बघायचो, परत दारात.

"काहून फिरून राहिलात असं?" बायको म्हणाली. "बसा की एका जागी."

"बसून पाय दुखतात."

थोरला पोरगा तालुक्याला शिकलेला. तो म्हणाला, "बाबा, गिरणी काढून टाका. खताच्या दुकानाला जागा देऊ. बसल्या जागी भाडं येईल."

"अन् मी काय करू? खताचं पोतं होऊन पडू काय तिथं?"

त्यानं दुकानदाराला जागा दाखवून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून घासही गोड लागेना.

भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी दुपारी लाईट गेली. कुलूप घातलं आणि तरातरा तांड्याकडं निघालो. तांड्यापलीकडं दुसरी गिरणी निघाली होती. तिचा मालक भाव पाडून माझं दळण पळवून राहिला, असं मी मनात पक्कं केलं होतं. शिव्याही ठरवल्या होत्या. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. थांबलो न्हाई, हातात घेतली आणि तसाच चाललो.

तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली एक म्हातारी तूर निवडत होती. माझं पहिल्या सालापासूनचं गिऱ्हाईक. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, "काय चुकलं माझं? पीठ जाड आलं काय? तो तिकडं फुकट दळतो काय?"

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. "आमाला मारायला आणली व्हय ती चप्पल?"

मी चप्पल खाली टाकली.

"बस भाऊ. फुकट कुठलं? तो तुझ्यापेक्षा जास्त घेतो. पण त्याचा आवाज येतो. तुझं इंजिन कुक-कुक वाजलं की आमी ज्वारी डोक्यावर घेऊन निघायचो. आता तू चालू हायस का बंद, इथं बसून कसं कळावं? दोनदा आले. दोनी डाव लाईट न्हाई, दाराला कुलूप. ओझं घेऊन वापस. माझी मान हाय ही, बैलाची न्हाई."

मी खाली बसलो. तो डबा नळीवर मीच बसवला होता. आमच्याकडं सगळे गिरणीवाले बसवायचे. धुराचा दणका त्यावर बसतो, आवाज माळ ओलांडून जातो, अन् गिरणी चालू झाल्याचं लोकांना कळतं. गावातल्या बायांना गिरणी डोळ्यांनी दिसत होती. तांड्याला फक्त ऐकू यायची. शहाण्या माणसाच्या हे ध्यानातच न्हाई आलं.

परत येताना त्या दुसऱ्या गिरणीची कुक-कुक पाठीमागून येत राहिली. माझं गाव येईपर्यंत थांबली न्हाई.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं, मनातला बेतही सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे मोटारीवर दळायचं अन् इंजिन नुसतं वाजवायचं? लोक हसतील."

"हसू दे. हसायला तरी दळण घेऊन येतील."

"अन् भंगारवाल्याला शब्द दिलाय, त्याचं?"

दिलेला शब्द मी तोवर कधी फिरवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट होती. भंगारवाला टेम्पो घेऊन दारात उभा. मी त्याच्यासमोर कोंबड्यांचं पाणी सांडून डबा उचलला, नळीवर उपडा बसवला आणि म्हणालो, "शब्द मोडला माझा. चहा पिऊन जा." तो काय बोलला ते ऐकायला थांबलो न्हाई. हँडल मारलं. पट्टा न लावता इंजिन पाव तास रिकामंच वाजवलं. मग ते बंद केलं, मोटारीचं बटण दाबलं आणि दारात उभा राहून पांदीकडं बघू लागलो.